मिस्सेच्या चिठ्ठीत नाव काय लिहायचं?

नगरची_नागपुरात · ९ सप्टेंबर २०२५, रात्री ११.४०

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतेय आणि तोही असा, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

माहेर नगर जिल्ह्यातलं, मराठी कॅथलिक. प्रार्थना मराठीत, सप्टेंबरात हरेगावच्या मतमाऊलीची यात्रा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधडी टाकून जायचं. लग्न होऊन नागपुरात आले, सदरला. इथे मिस्सा (चर्चमधली उपासना) इंग्रजी नाहीतर हिंदी, सासूबाईंचं माहेर कामठीचं, तिथे तमिळ. पहिलं वर्षभर मरियेच्या प्रार्थनेतलं 'तेरे गर्भ का फल' म्हणताना माझी जीभ अडखळायची.

सासूबाईंच्या प्रार्थनापुस्तकात मागच्या कोऱ्या पानावर महिन्यांची यादी आहे, शाईच्या पेनाने लिहिलेली. मार्च संत योसेफ, मे मरियामाता, जून पवित्र हृदय, जुलै अनमोल रक्त, ऑक्टोबर रोझरी, नोव्हेंबर मेलेले. 'मेलेले' असंच लिहिलंय. त्या पानावर आमचं घर चालतं. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, आणि मम्मी (सासूबाई) रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या वेळी कूलर बंद करतात, का तर आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. पाच रहस्यं होईस्तोवर सगळे घामाने चिंब. पाहुणे मे महिन्यात आमच्याकडे संध्याकाळी येत नाहीत.

आता मुद्दा. २०१४ साली १९ आठवड्यांवर माझं बाळ गेलं. तारीख २ ऑक्टोबर. विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, कारण गांधी जयंती, आणि दुसऱ्या दिवशी दसरा. दीक्षाभूमीला आलेल्या लोकांनी रस्ते भरलेले. ऑटोवाल्याने गल्ल्यागल्ल्यांतून फिरवत धंतोलीत पोचवलं. दवाखान्यात सुट्टीचा स्टाफ. स्वच्छ भारत त्याच दिवशी सुरू झालं होतं. पॅसेजमध्ये चारपाच जण नवे झाडू घेऊन फोटो काढत होते, झाडूंवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. माझं स्ट्रेचर आलं तसे ते बाजूला झाले, फोटो काढणारा थांबला. संध्याकाळी सगळं आटोपल्यावर नवऱ्याने विचारलं, बाळ? तिथली बाई म्हणाली, ते गेलं. कुठे गेलं ते आम्ही विचारलं नाही. विचारता येतं हेच माहीत नव्हतं.

डिस्चार्ज कार्डावर 'स्पॉन्टेनियस अबॉर्शन' लिहिलेलं. नात्यातल्या एका बाईंनी ते कार्ड टेबलावरून उचलून वाचलं. पुढच्या ऑगस्टमध्ये चर्चमध्ये गर्भपाताविरुद्ध प्रार्थना झाली तेव्हा त्या दोन बाकं पुढे बसल्या होत्या. मागे वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढंच. पण त्यानंतर जीवनासाठीची प्रार्थना सुरू झाली की मी बाकाखाली चप्पल शोधायला लागते.

नंतर दोन मुलं झाली, मजेत आहेत. पण यंदा नवरा आपणहून म्हणाला, त्याच्यासाठी मिस्सा सांगू, म्हणजे त्याच्या नावाने मिस्सा करायला फादरना सांगू. पॅरिशच्या (आमच्या चर्चच्या) ऑफिसातून चिठ्ठी आणली. छापील आहे. दोन चौकोन: 'मृतांसाठी' आणि 'आभार / इतर'. खाली नावाची ओळ. आठ दिवस झाले, चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाखाली आहे.

तर विचारायचं असं, की वर्षातला कोणता दिवस बरा? कोणत्या चौकोनात खूण करायची? आणि नाव?

---

तर्री_पोहे · ९ सप्टेंबर, रात्री ११.५८

ताई, मले यातलं काही समजत नाही, पण वाचलं. झोपा आता. सकाळी जाणकार येतीन.

---

श्रावणसरी · १० सप्टेंबर, सकाळी ८.१५

धागा फार मनापासून लिहिलाय. एक अज्ञानी प्रश्न, राग मानू नका. आमच्याकडे जसा श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, तसेच हे तुमचे महिने का? आणि शेजारच्या मावशी 'पहिला शुक्रवार' म्हणत सकाळी सहाला निघतात, ते काय असतं?

---

सेमिनरीतून_पळालेला · १० सप्टेंबर, सकाळी १०.०५

नाव बघून लोक विचारतात म्हणून सांगतो, होय, खरंच पळालो. फादर होण्याचं शिक्षण पाच वर्षं झाल्यावर. सेमिनरी हिल्सला ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे नाव पडलं तिथलाच. नागपूरकर तिथे सकाळी फिरायला जातात, मी तिथून उतरलो.

@श्रावणसरी, तुलना बरीच जुळते. महिन्यांची भक्ती ही चर्चच्या अधिकृत उपासना-पंचांगात नाही. ती लोकांनी वाढवली, पोपनी नंतर आशीर्वाद दिला. मे महिना मरियेचा, हे १८ व्या शतकात इटलीत जेझुइटांनी रुजवलं. ऑक्टोबरच्या रोझरीमागे लेपांतोची १५७१ची समुद्री लढाई आणि ७ ऑक्टोबरचा सण, पुढे पोप तेराव्या लिओने १८८३ पासून पत्रांवर पत्रं काढून अख्खा महिना तिच्या नावावर केला. जुलै अनमोल रक्ताचा. त्याचा १ जुलैचा सण १९६९ च्या नव्या पंचांगात गेला, पण महिना आज्यांच्या पुस्तकांत राहिला. ताईंच्या सासूबाईंच्या पानावर आहेच की.

पहिला शुक्रवार म्हणजे मार्गशीर्षातल्या गुरुवारांचा थोरला भाऊ. फ्रान्सात पारे-ल-मोनियालला संत मार्गारेट मेरी आलाकोक हिला १६७३ ते १६७५ या काळात येशूच्या पवित्र हृदयाची दर्शनं झाली, त्यातून हे आलं. लागोपाठ नऊ महिने पहिल्या शुक्रवारी मिस्सा आणि कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद). एक चुकला की पुन्हा एकपासून. माझी आत्या तीनदा आठपर्यंत पोचली. एकदा टायफॉइड, एकदा लग्न (स्वतःचं), एकदा रेल्वेचा संप.

आता मूळ प्रश्न. पहिल्यांदा नोव्हेंबर डोक्यात येतो, पण थांबा. नोव्हेंबरची प्रार्थना शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गाआधी शुद्ध व्हायला थांबलेल्या आत्म्यांसाठी. ज्याने पाप करायला श्वाससुद्धा घेतला नाही त्याला शुद्ध कशाचं करायचं? जुन्या लोकांच्या डोक्यात 'लिंबो' असतं: बाप्तिस्मा नाही, म्हणून ना स्वर्ग ना नरक, मधेच कुठेतरी. ती कधीच श्रद्धेची सक्तीची शिकवण नव्हती, धर्मपंडितांचं अनुमान होतं. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने दस्तऐवज काढला, पोप सोळाव्या बेनेडिक्टच्या संमतीने. त्याचा आशय असा, की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे. धर्मशिक्षणग्रंथातही त्यांना देवाच्या दयेवर सोपवलंय. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाच्या अंत्यविधीची वेगळी मिस्सा रोमन मिस्सा-ग्रंथात छापलेली आहे, आणि तिच्यातल्या प्रार्थना आईबापाच्या सांत्वनाच्या आहेत.

म्हणून माझं मत: 'मृतांसाठी' नको. 'इतर'वर खूण करा.

दिवस म्हणाल तर २८ डिसेंबर, पवित्र निष्पाप बालकांचा सण. हेरोद राजाने मारलेली बेथलेहेमची पोरं. काही पॅरिशमध्ये न जन्मलेल्यांसाठीची प्रार्थना त्या दिवशी होते. पण यंदा २८ डिसेंबर रविवारी येतो, त्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण, त्यामुळे निष्पाप बालकं यंदा गळणार. दुसरा पर्याय २५ मार्च, देवदूताचा मरियेला संदेश. बरोबर नऊ महिन्यांनी नाताळ. पंचांगाने मरियेचे दिवस मोजलेत.

---

सत्यवचनी · १० सप्टेंबर, दुपारी १.३०

ताईंबद्दल सहानुभूती आहे. पण खरा दिवस १० ऑगस्ट. १९७१ साली त्या तारखेला वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. २०२१च्या दुरुस्तीने काही गटांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत गेली. २५ मार्च १९९५ला पोप दुसऱ्या जॉन पॉलनी 'इव्हांजेलियम व्हिते' हे पत्र काढलं, त्यात गर्भापासून मरणापर्यंतच्या जिवाबद्दल सगळं स्पष्ट आहे. जीवनासाठी प्रार्थना करायची आणि कायद्याबद्दल गप्प बसायचं, हे मला पटत नाही.

---

ओपीडी_संपली · १० सप्टेंबर, रात्री ९.२०

सत्यवचनी, तुमचं म्हणणं तुमच्यापाशी. मी कॅथलिक नाही, स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, आणि धागाकर्तीच्या कार्डावरच्या शब्दाबद्दल बोलायला आलेय.

वैद्यकाच्या भाषेत २० आठवड्यांच्या आत गर्भ आपोआप पडला तरी त्याला अबॉर्शनच म्हणत आलेत. स्पॉन्टेनियस म्हणजे आपोआप. कोणी केलेलं नाही. हा शब्द आम्ही फाईलवर दिवसातून दहादा लिहितो आणि तो घरी जाऊन काय करतो याचा विचार करत नाही. हल्ली मी कार्डावर मिसकॅरेज लिहिते आणि नातेवाइकांना मराठीत सांगते, 'गर्भ आपोआप गेला, हिने काही केलं नाही.' मोठ्याने, सासरच्यांसमोर.

कायद्याचा वाद घालायचा तर दुसरा धागा काढा, मी येते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४चा त्यानंतरचा. बोलण्यासारखं खूप आहे. पण इथे एक बाई फ्रिजवरच्या चिठ्ठीबद्दल विचारतेय.

---

तर्री_पोहे · १० सप्टेंबर, रात्री ९.२६

डॉक्टर मॅडमले +१००.

---

मेकोसाबागचा_मेथडिस्ट · १० सप्टेंबर, रात्री १०.४०

आम्हा प्रोटेस्टंटांकडे ना महिने ना संत. नाताळ, उपवासकाळ, ईस्टर, कापणीचा सण, झालं. कॅथलिक मित्राच्या घरचं कॅलेंडर बघून वाटायचं, यांना रोज कोणाचा तरी वाढदिवस!

पण एक सांगतो. लूकच्या पहिल्या अध्यायात मरिया अलीशिबेला भेटायला जाते (तुम्ही एलिझाबेथ म्हणता). मरियेचा आवाज ऐकताच अलीशिबेच्या पोटातलं बाळ उसळतं. दोन गरोदर बायका एका दारात, आणि पहिला ओळखतो तो पोटातला. माझी आई हा उतारा वाचताना नेहमी थांबायची. का, ते मी कधी विचारलं नाही. आज या धाग्यावर पहिल्यांदा वाटलं, विचारायला हवं होतं.

---

सेमिनरीतून_पळालेला · १० सप्टेंबर, रात्री ११.१०

त्याचा सण आमच्याकडे ३१ मे. पूर्वी २ जुलैला असायचा.

---

अजनी_क्वार्टर_काकू · ११ सप्टेंबर, पहाटे ५.५०

नातवाने टायपिंग शिकवलं आहे, चुका झाल्या तर समजून घ्या.

आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होतो, अजनीला. १९७४. मला सातव्या महिन्यात मुलगी झाली, थोडा वेळच होती. दाई अँग्लोइंडियन, कॅथलिक. तिने माझ्याकडे बघितलं, पेल्यातलं पाणी बाळाच्या डोक्यावर ओतलं आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणून मोकळी झाली. फादर नसले तर कोणीही देऊ शकतं. नाव मेरी ठेवलं, तेवढंच सुचलं. तिला दफनभूमीत जागा मिळाली.

त्याच्या आधी एक गेलं होतं, चौथ्या महिन्यात. त्याला ना पाणी ना नाव. यांनी बुटांच्या खोक्यात ठेवून मागच्या अंगणात पुरलं, वर तुळस लावली. हो, तुळस. शेजारच्या वहिनींनी दिली. धर्मशिक्षणाच्या सिस्टर म्हणाल्या होत्या, ते लिंबोमध्ये. मी घरी येऊन यांना विचारलं, लिंबो कुठे असतं? हे म्हणाले, भुसावळच्या पुढे. मी इतकी हसले आणि मग इतकी रडले.

ते क्वार्टर पाडलं नंतर. दर बुधवारी निरंतर साहाय्य मातेचा नोव्हेना (तिची ठरलेली प्रार्थना) करते, माहीमला १९४८ पासून चालतो तोच, इथल्या चर्चमध्ये. त्यात दोघांची नावं घेते. दुसऱ्याला नाव नाही म्हणून 'आणि तो' म्हणते. पन्नास वर्षं झाली. देवाला कळतं कोण तो.

पोरी, चौकोनाचा विचार करू नकोस.

---

श्रावणसरी · ११ सप्टेंबर, सकाळी ८.०२

काकू, काय लिहिलंत. ऑफिसला जायच्या वेळी रडवलंत.

---

म्हापशाची_मेव्हणी · ११ सप्टेंबर, दुपारी १२.१५

नागपुरात दिलेली गोव्याची. आमच्या आजीकडे १८ डिसेंबर पाळायचे, बाळंतपणाची वाट पाहणारी मरिया. पोर्तुगीज लोक तिला 'ओ'ची माता म्हणतात, कारण नाताळाआधीच्या दिवसांतली आळवणी गीतं सगळी 'ओ' ने सुरू होतात. इथल्या मैत्रिणींना मी सांगते, मरियेचं डोहाळजेवण! हा सण भलता जुना, स्पेनमधल्या तोलेदोच्या सभेने ६५६ मध्ये ठरवलेला.

गरोदर बायकांसाठी अजून दोन दिवस. १६ ऑक्टोबर संत जेरार्ड माजेला, आणि ३१ ऑगस्ट संत रेमंड नोन्नातुस. नोन्नातुस म्हणजे 'न जन्मलेला': आई मरण पावल्यावर पोट चिरून काढलेला, म्हणून सुईणींचा कैवारी. आणि संत जियाना बेरेत्ता मोल्ला, २८ एप्रिल. इटलीतली डॉक्टर. १९६१ साली गरोदरपणात गर्भाशयावर गाठ निघाली, तिने फक्त गाठ काढायला सांगितली, बाळाला धक्का लावू दिला नाही. २१ एप्रिल १९६२ला मुलगी झाली, २८ला आई गेली. २००४ मध्ये संतपद मिळालं.

---

नगरची_नागपुरात · ११ सप्टेंबर, रात्री ११.५५

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. काकूंचा मम्मींना वाचून दाखवला. 'भुसावळच्या पुढे' ऐकून त्या हसल्या आणि लगेच म्हणाल्या, हसायचं नाही असल्या गोष्टीला. मग पुन्हा हसल्या.

म्हापशाताई, संत जियानाबद्दल खरं सांगू? मला ती झेपत नाही. तिच्या सणाला आमच्याकडे प्रवचनात आयांना तिचं उदाहरण देतात. जिने जीव दिला ती मोठीच, शंकाच नाही. पण जिचा जीवही राहिला आणि बाळही नाही, तिने त्या दिवशी बाकावर काय करायचं? मी काही दिलं नाही. माझ्याकडून घेतलं गेलं. तिच्यावर राग नाही, फक्त तिची चिठ्ठी मला भरता येत नाही.

सत्यवचनी, तुमच्याशी भांडायचं नाही. मीही त्या प्रार्थनेला आमेन म्हणते. फक्त प्रार्थनेत एक ओळ वाढवा म्हणते. 'ज्यांची बाळं राहिली नाहीत त्यांच्यासाठी.' अर्धा मिनिट लागेल.

डॉक्टर मॅडम, कार्ड शोधून काढलं. आपोआप. अकरा वर्षांनी कळलं.

---

सत्यवचनी · १२ सप्टेंबर, सकाळी ७.१०

ताई, मान्य. मी आमच्या पॅरिशच्या फॅमिली सेलमध्ये आहे. पुढच्या बैठकीत ती ओळ मांडतो. त्या बाईंनी मागे वळून बघितलं ते वाचून रात्री झोप लागली नाही. मीही असा कधी वळून बघितलंय का, आठवत होतो.

---

काळी_माती · १२ सप्टेंबर, सकाळी ९.४५

यवतमाळकडचा आहे. धाग्याला थोडं बाजूला जातंय, पण चर्चमध्ये 'जीवनासाठी प्रार्थना' म्हटलं की आमच्या गावात कापसाचा हिशोब न जुळलेला शेतकरी आठवतो. माझा चुलता. वडीलधारे म्हणायचे, आत्महत्या केली, मिस्सा कशी होणार? पण फादरनी केली. म्हणाले, त्या घडीला त्याच्या मनात काय होतं ते तू बघितलंस का? धर्मशिक्षणग्रंथातही लिहिलंय, असं जीवन संपवणाऱ्यांच्या तारणाची आशा सोडू नये, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. तेव्हा त्या चिठ्ठीवर चौकोन कमी पडतात हे बाकी खरं.

---

रात्रपाळी_सिस्टर · १२ सप्टेंबर, दुपारी ४.३०

नावातली सिस्टर नर्स आहे, नन नाही. वीस वर्षं लेबर रूम.

'ते गेलं' म्हणणाऱ्या बाईबद्दल. मीही तेच म्हणत होते कित्येक वर्षं. नियमाप्रमाणे इतक्या लहान गर्भाची गणना वैद्यकीय कचऱ्यात, पिवळ्या पिशवीत. २०१६च्या नियमांत तसं शब्दशः लिहिलंय. कोणी नातेवाईक विचारतच नाहीत, म्हणून आम्हीही सांगत नाही. आता मी आधी आईला विचारते, बघायचंय का? बऱ्याच जणी नाही म्हणतात. ज्या हो म्हणतात त्यांना कापडात गुंडाळून हातात देते, घाई करत नाही. एकीने बोटं मोजली होती. दहा.

ताई, तुमच्या वेळी कोणी विचारलं नाही. आमच्या सगळ्यांच्या वतीने माफ करा.

---

अजनी_क्वार्टर_काकू · १३ सप्टेंबर, पहाटे ५.३०

अगं पोरी! रात्री जपमाळ म्हणताना लक्षात आलं आणि उठून बसले. २ ऑक्टोबर म्हणजे रक्षक दूतांचा सण ना! आणि तो पळालेला मुलगा नोव्हेंबर-डिसेंबर करत बसलाय.

---

सेमिनरीतून_पळालेला · १३ सप्टेंबर, सकाळी ९.००

काकू, कान धरले. पाच वर्षं तो दिवस सेमिनरीत पाळला, आणि ताईंनी धागा काढतानाच तारीख लिहिली होती तरी मी २८ डिसेंबरची आकडेमोड करत बसलो. माझ्या डोक्यात २ ऑक्टोबर म्हणजे फक्त सुट्टी.

खरंच, २ ऑक्टोबर रक्षक दूतांचा. पोप दहाव्या क्लेमेंटने १६७० मध्ये तो सगळ्या चर्चसाठी केला. त्या दिवशीचं शुभवर्तमान मत्तय १८: येशू एका बाळाला मधे उभं करतो आणि म्हणतो, या लहानांपैकी एकालाही तुच्छ मानू नका, यांचे दूत स्वर्गात माझ्या पित्याचं मुख सतत पाहतात. हे वाचन कोणी निवडून काढावं लागत नाही, त्या दिवशी ठरलेलंच आहे. जगभर दर वर्षी त्या तारखेला वाचतात. २०१४लाही सकाळी वाचलं असणार, ताई ऑटोत होत्या तेव्हा.

आणि यंदा २ ऑक्टोबरला गुरुवार आहे. २०१४लाही गुरुवारच होता. आताच बघितलं.

---

नगरची_नागपुरात · १३ सप्टेंबर, सकाळी ९.२२

काकू, तुमचा नंबर द्या. इथे नको, निरोपात.

बाकी आता काही लिहिता येत नाही.

---

तर्री_पोहे · १३ सप्टेंबर, सकाळी ९.३०

यंदा दसराबी त्याच दिवशी आहे ताई. दीक्षाभूमीकडचे रस्ते बंद राहतीन. लवकर निघा.

---

नगरची_नागपुरात · ३ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.१५

काल झालं. ज्यांनी निरोप पाठवून विचारलं त्यांच्यासाठी लिहिते.

चिठ्ठी शेवटी नवऱ्याने भरली, मी अंघोळीला गेले होते तेव्हा. कुठल्याच चौकोनात खूण नाही. नावाच्या ओळीवर मराठीत लिहिलं, 'आमचं पहिलं'. ऑफिसातल्या काकांनी दोनदा वाचलं म्हणे, चष्मा वर केला, आणि काही न विचारता वहीत उतरवलं.

सकाळची मिस्सा हिंदी होती. फादर केरळचे. मिस्सेआधी हेतू वाचतात, तीनचार मृतांची नावं, एक परीक्षेत पास झाल्याचे आभार, आणि मग 'आमचं पहिलं'. त्यांनी 'अमचम पहिलम' असं वाचलं. पुढच्या बाकावरच्या एकीने शेजारणीला विचारलं, हे कुठलं नाव? तमिळ असेल, ती म्हणाली. मम्मी माझ्या शेजारी होत्या, त्यांनी ऐकलं. त्यांनी मान हलवली, हो, तमिळ. मला हसू आवरेना. अकरा वर्षांत त्या तारखेला पहिल्यांदा हसले.

मत्तय १८ वाचलं. 'तेरे गर्भ का फल' नीट म्हटलं. काकू आल्या होत्या, अजनीहून नातवाच्या गाडीवर, मागच्या बाकावर. त्यांनी स्वतःची चिठ्ठी दिली होती का ते मी विचारलं नाही.

मिस्सेनंतर नणंदेकडे लक्ष्मीनगरला जायचं होतं. तर्री_पोहे म्हणाले तसंच झालं, ऑटो अर्ध्यातच सोडावा लागला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, पायी निघालेली. आम्हीही त्यांच्यात चालत राहिलो, मम्मींच्या हातात अजून जपमाळ. एका मांडवात जेवण वाटत होते. तिथल्या पोराने आम्हाला हाताने बोलावलं, कागदाच्या प्लेटमध्ये पुरी-भाजी वाढली आणि विचारलं, कुठून आलात बाई?

सदरहून, मी म्हटलं.

एवढ्या लांबून, तो म्हणाला, आणि मम्मींना खुर्ची दिली.

---

तर्री_पोहे · ३ ऑक्टोबर, रात्री १०.२१

तो मांडव आमच्याच पोरांचा असन तर सांगजा. भाजीत मीठ कमी होतं काल.